भत्त्याची व्हाउचरे आणि पुनरुत्थानाची आशा

कामोठ्याच्या एका वाचकाचे पत्र आले आहे. ते थोडे संक्षिप्त करून येथे देत आहे.

"प्रभूच्या नावात सलाम. माझे वय 43 असून मी कळंबोलीतील एका वाहतूक कंपनीत हिशेबनीस आहे. आमच्या गाड्या न्हावा शेवा बंदरातून माल उचलून पुणे-नाशिककडे जातात. ड्रायव्हरांना प्रत्येक फेरीमागे भत्ता असतो. व्हाउचरवर पूर्ण रक्कम लिहून त्यांची सही घेतली जाते, हातात मात्र शंभर-दीडशे रुपये कमी पडतात, आणि ती उरलेली रक्कम व्यवस्थापक आणि मी वाटून घेतो. कोणी तक्रार करत नाही, कारण तक्रार करणाऱ्याला पुढची फेरी लवकर मिळत नाही. गेल्या वर्षी माझी आई प्रभूमध्ये निजली. दफनविधीत पाळकसाहेबांनी पुनरुत्थानाच्या खात्रीच्या आशेविषयी वाचले, तेव्हा आपण आतून बदललो असे मला वाटले. काही आठवडे मी त्या पैशाला हात लावला नाही. मग मुलीच्या फीची तारीख आली आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तारण, म्हणजे पापापासून सुटका, जर कृपेने आहे आणि स्वर्ग निश्चित आहे, तर पवित्र जीवनासाठी ही ओढाताण कशाला? माझा एक सहकारी म्हणतो की स्वर्गासाठी चांगले वागणे हा शेवटी सौदाच आहे, आणि तुम्ही लोक वर बघत बसता म्हणून खाली काही करत नाही. मला त्याला उत्तर देता आले नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या मरणाची आठवण करणारा भाकर-प्याल्याचा विधी, असते. ते घेताना हात कापतो. घेणे थांबवावे काय?"

प्रिय बंधू,

तुम्हालाही सलाम. ड्रायव्हरांच्या भत्त्याविषयी तुम्ही आडपडदा न ठेवता लिहिलेत, हे बरे केलेत. पवित्रतेविषयी सल्ला मागणारी बहुतेक पत्रे इतकी मोघम असतात की त्यांना उत्तरही मोघमच द्यावे लागते. तुमच्या पत्रात पाप कोणते, कोणाविरुद्धचे आणि कोणत्या कागदावरचे, हे सारे आहे.

आईच्या दफनानंतरचे ते काही आठवडे खोटे होते असे कृपा करून समजू नका. पवित्र आत्मा माणसाला शोकातही हलवतो, आणि कबरीपाशी ऐकलेले वचन पुष्कळांच्या आयुष्याला वळण देऊन गेले आहे. परंतु त्या दिवशी तुम्ही जी आशा धरलीत ती प्रामुख्याने आईविषयीची होती, असे तुमच्या पत्रावरून मला दिसते. ती सुरक्षित आहे, ती पुन्हा भेटेल, हे सांत्वन खरे आहे आणि प्रेषित पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला तेच सांत्वन दिले होते. मात्र शोक जसजसा निवतो तसतसे एवढ्यावरच उभे असलेले सांत्वनही मागे सरते, आणि मग फीची तारीख येते. योहान आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आशेचा विषय काढतो तेव्हा तो कोणाच्या आप्तांविषयी बोलत नाही. ख्रिस्त प्रकट होईल, तो जसा आहे तसा आपण त्याला पाहू, आणि त्याला पाहिल्यामुळे त्याच्यासारखे होऊ, असे तो म्हणतो. आणि लगेच जोडतो की ज्याने त्याच्यावर ही आशा ठेवली आहे तो स्वतःला शुद्ध करतो, जसा तो शुद्ध आहे. म्हणजे ज्याची आपण वाट पाहत आहोत तो शुद्ध आहे, आणि त्याच्यासोबत सर्वकाळ राहावे ही आपली इच्छा असेल, तर त्याच्यासारखे होण्याची इच्छा तिच्यातच आलेली आहे. ज्याला ख्रिस्ताचा सहवास हवा आहे पण ख्रिस्ताचा स्वभाव नको आहे, त्याने आपण नेमकी कशाची आशा करतो आहोत हे पुन्हा तपासावे. तुमचा हात कापतो यावरून तुम्हाला दोन्ही हवे आहे असे मी धरून चालतो.

याच वचनात तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही आहे, फक्त त्यातला क्रम पाहिला पाहिजे. योहान आधी म्हणतो की आता आपण देवाची मुले आहोत, आणि शुद्ध होण्याचे त्यानंतर म्हणतो. पौल आपला सहकारी तीत याला लिहितो तेव्हाही क्रम तोच आहे. तारण देणारी कृपा प्रकट झाली आहे, ती अभक्ती सोडून समंजसपणे व नीतीने वागायला आपल्याला शिकवते, आणि आपण धन्य आशेची वाट पाहत आहोत. कृपा म्हणजे माफी देऊन निघून जाणारा अधिकारी अशी आपली समजूत होऊन बसली आहे. पौलाच्या लेखी ती माफी देऊन घरातच राहणारी आणि रोज धडे देणारी आहे. इथे नवी मुंबईत सिडकोच्या घरांच्या सोडतीत नाव लागलेली माणसे तुम्ही पाहिली असतील. ताबा मिळायला अजून वर्षे असतात, पण पत्र हाती आल्या दिवसापासून त्या कुटुंबाचे वागणे बदलते, खर्च बदलतो, मुलांच्या शाळेचा विचारही त्या नव्या पत्त्याच्या अंगाने होऊ लागतो. दाखला एका ठिकाणी तोकडा पडतो हे मला ठाऊक आहे: सिडकोच्या घराचे हप्ते भरावे लागतात, आणि पेत्र ज्याला अविनाशी, निर्मळ व अक्षय वतन म्हणतो त्याची किंमत दुसऱ्याने चुकती केली आहे. पण घर आपले ठरल्यानंतरही कोणी जुन्याच पत्त्यावर जन्म काढायचा असल्यासारखा वागत राहिला, तर त्याचा त्या पत्रावर विश्वास आहे का अशी शंका शेजारी घेणारच.

आता सौद्याविषयी. तुमच्या सहकाऱ्याचा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, कारण आपल्यापैकी अनेकांचा धर्म खरोखरच तसा असतो. मोबदला आणि काम यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो तेव्हा सौदा होतो. ड्रायव्हर गाडी चालवतो आणि त्याला रुपये मिळतात. रुपये आणि गाडी चालवणे या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ख्रिस्ती माणूस ज्याची आशा करतो ते म्हणजे पापापासून पूर्ण सुटका आणि पवित्र देवाचे दर्शन, आणि आज तो ज्याचा सराव करतो तेही पापापासून सुटणेच आहे. पवित्रतेशिवाय कोणीही प्रभूला पाहणार नाही, हे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातील वचन लहानपणी मला धमकी वाटत असे. आज ते मला वस्तुस्थितीचे साधे कथन वाटते. ज्याला पवित्रतेचा कंटाळा आहे त्याला त्या दर्शनात आनंद कशाचा वाटणार?

परंतु तुमचे प्रकरण भत्त्याचे आहे, म्हणून आता तिकडे वळतो, आणि पवित्र शास्त्रही तिकडेच वळते. "तुम्ही पवित्र व्हा, कारण मी परमेश्वर तुमचा देव पवित्र आहे" ही आज्ञा जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या 19व्या अध्यायाच्या आरंभी आहे, आणि पेत्राने आपल्या पत्रात आशेविषयी बोलून झाल्यावर तिचाच उल्लेख केला आहे. हा अध्याय संपूर्ण वाचून पाहा. पवित्रता म्हटल्यावर उपवास, एकांत आणि डोळे मिटून केलेली प्रार्थना आपल्या मनात येते. तिथे मात्र पेंढीतले सांडलेले धान्य गरिबांसाठी सोडणे, बहिऱ्याला शिव्या न देणे, खोटी वजने न वापरणे हे आले आहे, आणि तेराव्या ओवीत मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये असेही आले आहे. तुमच्या कळंबोलीच्या कार्यालयात ती रात्रभर नव्हे, कायमचीच राहते.

याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय तर तुमच्या टेबलावर बसून लिहावा तसा आहे. कापणी करणाऱ्या मजुरांची तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे, आणि ते ओरडणे सेनाधीश प्रभूच्या कानी गेले आहे, असे तो श्रीमंतांना म्हणतो. आणि तीनच ओव्यांनंतर, त्याच दमात, प्रभूच्या येण्यापर्यंत धीर धरा असे बंधूंना सांगतो. आपण आशेचा उपदेश एका रविवारी ऐकतो आणि मजुरीचा दुसऱ्या, तोही क्वचितच. याकोबाच्या मनात त्या दोन गोष्टी एकच होत्या: जो येणार आहे त्याने ते ओरडणे ऐकलेले आहे. मागाहून वाचताना मला एक गोष्ट टोचते. जे ड्रायव्हर काही बोलत नाहीत असे तुम्ही लिहिले आहे, त्यांच्याविषयीच याकोब म्हणतो की त्यांच्या हक्काचा पैसा स्वतः बोलतो.

आणखी एक जागा दाखवतो, कारण तुम्ही हिशेबनीस आहात. करिंथकरांस पहिल्या पत्राचा 15वा अध्याय म्हणजे पुनरुत्थानावरचे नव्या करारातील सर्वांत विस्तृत विवेचन. तुमच्या आईच्या दफनाच्या वेळी त्यातलाच काही भाग वाचला गेला असण्याची शक्यता आहे. मेलेले उठवले जात नसतील तर खाऊ-पिऊ, कारण उद्या मरायचे आहे, असे पौल त्यात म्हणतो, आणि शेवटी मृत्यूला आव्हान देऊन झाल्यावर निष्कर्ष काढतो की म्हणून स्थिर राहा, प्रभूच्या कामात पुढे जात राहा, कारण तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. यापुढचे त्याचे वाक्य काय आहे? यरुशलेमेच्या गरीब पवित्र जनांसाठी गोळा करायच्या वर्गणीविषयीचे. अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली आहे, त्यामुळे आपण तिथे थांबतो. पौल थांबला नव्हता. कर्णा वाजेल आणि मेलेले उठतील येथून तो थेट दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने काय बाजूला ठेवावे येथे येतो, ती रक्कम तुम्हीच निवडलेल्या माणसांच्या हाती पाठवू असे सांगतो, आणि पुढच्या पत्रात स्पष्ट करतो की या पैशाबाबत कोणी बोट दाखवू नये, प्रभूच्या दृष्टीने आणि माणसांच्याही दृष्टीने जे योग्य तेच व्हावे, म्हणून ही काळजी. पुनरुत्थानावर ज्याची आशा आहे त्याची रोजकीर्द तपासायला खुली असते, असा पौलाचा व्यवहार आहे.

वर बघत बसण्याविषयी तुमच्या सहकाऱ्याचे म्हणणे अगदीच निराधार नाही. प्रभूच्या आगमनाच्या तारखा काढणारे तक्ते घेऊन घरोघर फिरणारी माणसे मीही पाहिली आहेत आणि त्यांच्यापासून दोन हात दूर राहतो. थेस्सलनीकातही कोणी कोणी कामधाम सोडून दिले होते, तेव्हा ज्याला काम करायला नको त्याने खाऊही नये असे पौलाने त्यांना सुनावले. पण त्या सहकाऱ्याला आपल्याच महाराष्ट्रातील पंडिता रमाबाईंचे उदाहरण द्या. 1896-97च्या दुष्काळात ही बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी, निराधार मुलींना घेऊन आली. केडगावला त्यांच्यासाठी घर उभे केले, शेती, विणकाम, छापखाना शिकवला, आणि 1922 साली डोळे मिटेपर्यंत शास्त्राच्या मराठी भाषांतराचे काम चालू ठेवले. मृत्यूपलीकडच्या आशेवर तिचा ठाम विश्वास होता, आणि खाली काय करायचे हे तिला कोणी सांगावे लागले नाही.

आता तुम्ही करायचे काय. आधी पत्नीला सांगा. पत्रात तुम्ही तिचा उल्लेख केलेला नाही, त्यावरून तिला हे माहीत नसावे असे मी समजतो. वरकमाई थांबली की महिन्याचे गणित तिलाच जुळवायचे आहे, तेव्हा निर्णय घेऊन मग तिच्यासमोर ठेवू नका. मुलीच्या फीसाठी शाळेत जाऊन हप्ते मागा. त्यात कमीपणा वाटेल, पण शंभर रुपयांसाठी दुसऱ्याच्या पोराची फी कापण्यात जास्त आहे. तुमचे पुन्हा घसरणे पैशाच्या लोभापेक्षा उद्याच्या भीतीने झाले असे मला वाटते. इब्री लोकांस पत्र ज्या मंडळीला लिहिले गेले तिची मालमत्ता लुटली गेली होती आणि तिने ते आनंदाने सोसले होते, कारण आपल्याजवळ अधिक चांगले व टिकाऊ धन आहे हे तिला ठाऊक होते. इतक्या मोठ्या नुकसानीची मागणी तुमच्याकडे आज तरी नाही.

नंतर व्यवस्थापकाशी एकट्याने बोला. आरोप करू नका, कारण तुम्ही भागीदार आहात. यापुढे माझ्या हातून जाणाऱ्या व्हाउचरवर जो आकडा असेल तोच ड्रायव्हरच्या हातात जाईल आणि मला वाटा नको, एवढे सांगा. मालकाला हे सारे ठाऊक आहे की नाही ते पत्रातून कळत नाही. ठाऊक नसेल तर तुमच्यावरच सगळे ढकलले जाण्याची शक्यता आहे, म्हणून बोलण्यापूर्वी एखाद्या जाणत्या वकिलाला विचारा आणि दुसऱ्या नोकरीचीही चौकशी सुरू करा. नोकरी टिकेल असे आश्वासन मी देणार नाही. आपण नीट वागलो की देव सर्व सुरळीत करतो, असे साक्षीच्या सभांमधून फार बोलले जाते. इथे जवळच ठाणे शहरात एप्रिल 1321 मध्ये तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन फ्रान्सिस्कन सोबती विश्वासामुळे मारले गेले. त्यांच्यासाठी त्या दिवशी काहीही सुरळीत झाले नाही. हुतात्म्यांची नावे आपल्यासारख्यांच्या छोट्या अडचणींपाशी आणणे मला तितकेसे आवडत नाही, पण आशा मृत्यूपलीकडची असेल तर ती नोकरी जाण्यापलीकडचीही असते, एवढ्यापुरतेच ते सांगतो.

मागच्या पैशाचे काय, हे तुम्ही विचारलेले नाही, पण तो प्रश्न सुटल्याशिवाय तुमचा हात कापायचा थांबणार नाही. जक्कय मुख्य जकातदार होता. येशू त्याच्या घरी आला तेव्हा ज्याचे अन्यायाने घेतले त्याचे चौपट परत करतो असे तो आपणहून म्हणाला. मोशेच्या नियमशास्त्रात, माणूस आपणहून पाप कबूल करून भरपाई करतो तेव्हा मूळ रक्कम आणि वर पंचमांश द्यायचा असे होते, म्हणजे जक्कयाने मागितले त्याहून बरेच जास्त दिले. तुम्ही चौपट द्या असे मी म्हणत नाही. तुमच्या वाट्याला आलेल्या रकमेचा अंदाज कागदावर मांडा, जे ड्रायव्हर अजून तुमच्याकडे आहेत त्यांना, जमेल तसे, थोडे थोडे करून, हे तुमचेच आहेत असे सांगून परत द्या. बक्षीस किंवा मदत म्हणून देऊ नका, कारण मग तुम्ही दाते व्हाल आणि ते पुन्हा तुमचे मिंधे होतील. जे सोडून गेले त्यांचा पत्ता लागला नाही तर ती रक्कम गरजू कामगार कुटुंबाला, पाळकसाहेबांच्या सल्ल्याने, नाव न सांगता जाऊ द्या. ज्याची भरपाई करायची तो किंवा त्याचा नातलग नसेल तेव्हा काय करावे याची तजवीज जुन्या करारातील गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातही आहे.

हे सर्व करूनही एखाद्या अडचणीच्या महिन्यात तुम्ही पुन्हा घसराल, अशी शक्यता आहे. त्यासाठी योहानाच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय उघडा: तुम्ही पाप करू नये म्हणून हे लिहितो, तरी कोणी पाप केले तर पित्याजवळ आपला कैवारी आहे. ही दोन वाक्ये त्याने एकमेकांना लागून ठेवली आहेत. पहिले सोडून दुसरेच धरणारा निलाजरा होतो आणि दुसरे सोडून पहिलेच धरणारा दर वेळी घसरल्यावर मंडळीतून तोंड चुकवू लागतो. तुमचा धोका मला दुसऱ्या प्रकारचा वाटतो. म्हणून मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाला विश्वासात घ्या आणि भत्त्याचे वाटप झाले की त्याला दर आठवड्याला फोन करा. काय दिले आणि काय ठेवले, एवढेच सांगायचे. याकोबाने एकमेकांजवळ पापे कबूल करा असे म्हटले आहे, आणि आपल्या मंडळ्यांमध्ये ही आज्ञा फारशी पाळली जात नाही याचे मला वाईट वाटते.

सहकाऱ्याला आत्ताच उत्तर देऊ नका. तुमच्या ठायी जी आशा आहे तिच्याविषयी विचारणाऱ्याला सौम्यतेने व आदराने उत्तर द्यायला तयार असा, असे पेत्र लिहितो, पण त्यात कोणीतरी आधी विचारावे असे गृहीत आहे. व्हाउचर आणि हातातली रक्कम यांचा मेळ काही महिने बसू लागला की तो स्वतःच विचारील, आणि तेव्हा तुम्हाला शब्द शोधावे लागणार नाहीत.

राहिला प्रभुभोजनाचा प्रश्न. थांबवू नका. पौल माणसाने स्वतःची परीक्षा करावी असे म्हणतो आणि मग "ह्या रीतीने त्या भाकरीतून खावे" असे म्हणतो. परीक्षा करून दूर राहावे असे तो म्हणत नाही. प्रभू येईपर्यंत त्याच्या मरणाची घोषणा करणारे हे भोजन आहे, म्हणजे तुमच्या आईच्या कबरीपाशी जी आशा वाचली गेली तीच दर महिन्याला मेजावर ठेवलेली असते, आणि तिची गरज तुम्हाला आज इतरांपेक्षा कमी नाही. मात्र वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले तर आधी जाऊन समेट कर, असे येशूने सांगितले आहे. ज्यांच्या मनात काही असणार ते भाऊ कोण, हे तुम्हाला शोधत बसावे लागणार नाही. त्यांच्या सह्या तुमच्या कपाटात आहेत. पहिल्या रविवारपर्यंत सगळ्यांचे देणे फिटणार नाही, पण एका ड्रायव्हरला त्याचे पैसे त्याच्या हातात देऊन, आम्ही हे तुमच्याकडून काढून घेत होतो असे तोंडाने सांगणे तोवर निश्चित जमेल. त्याच आठवड्यात पाळकसाहेबांनाही भेटा आणि हे पत्र मला जसे लिहिलेत तसेच, काही न गाळता, त्यांना वाचून दाखवा.